कमळाच्या तपासणीचे ऐंशी

त्या रविवारी महिपत मयेकराचा किती फायदा व्हायचा होता, ते आधी मांडलेलं बरं. दोन माणसांची डोळे तपासणी, दर माणशी ऐंशी, म्हणजे एकशे साठ रुपये वाचणार होते. फ्रेम जुनीच; तिला अजून दहा वर्षं मरण नव्हतं. नंबरची चिठ्ठी एकदा हातात आली की काचा कोल्हापुरात साडूच्या ओळखीच्या दुकानात करून घ्यायच्या, तिथे आणखी दीडशे. परटवण्यातून राम आळीपर्यंत चालत जायचं, रिक्षाचे वीस. आणि बायकोला रविवारी बाजारात फिरवून आणल्याचं श्रेय. त्याला आकडा लावता येत नसला तरी ते पुढे वर्षभर अधूनमधून वटवता येतं. एकंदर तीनशे तीस, वर श्रेय. नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढ्या बेरजेला कागद लागत नाही. पेपरातून पडलेलं गुलाबी पत्रक उचलायला तो वाकला आणि ताठ होईपर्यंत बेरीज झालेली होती. पत्रकावर लाल ठसठशीत अक्षरांत 'डोळे तपासणी मोफत! आता संगणकावर!' असं होतं, खाली गोड हसणाऱ्या एका बाईचं चित्र, आणि त्याच्याही खाली मुंग्यांची रांग जावी तशी एक ओळ. ती ओळ महिपतला वाचता आली नाही. वाचता आली असती तर डोळे तपासायला जायचं कारणच काय होतं?

आणि आज गुरुवार. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तो त्याच 'नवनेत्र चष्माघरा'च्या बाकावर बसला होता. मांडीवर तेच पत्रक, आणि त्याच्याखाली अर्ज, तीन प्रतींत. 'विषय: मोफत तपासणीचे पैसे आकारल्याबाबत.' अर्ज त्यानं कचेरीत बसून लिहिला होता आणि चांगला उतरला होता. नागरिकांची दिशाभूल, ग्राहक मंच, सात दिवसांत खुलासा, सगळं जागच्या जागी. फक्त शेवटी एक वाक्य त्यानं तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं: 'तसेच माझ्या पत्नीकडून तपासणीचे पैसे न घेण्याचे कारण लेखी कळवावे.' खाडाखोड केलेली प्रत वर होती. स्वच्छ प्रत करायला वेळ होता, पण हात झाला नव्हता. काउंटरपलीकडे दुकानाचा मालक आत्माराम मिरकरवाड्याच्या एका तरण्या गड्याला गॉगल दाखवत होता. गडी आरशात स्वतःकडे बघून खूश होत होता. आत्मारामानं महिपतला बघितलं होतं, हात वर करून 'बसा' म्हटलं होतं. तो हात. महिपतनं त्या हाताकडे नीट बघून घेतलं. आखूड, गुबगुबीत बोटं, करंगळीत पोवळ्याची अंगठी. ह्याच हातांनी त्यानं रविवारी कमळाच्या नाकावर ती काचा बदलायची लोखंडी चौकट बसवली असेल, कानामागचे केस बाजूला करून. महिपतच्याही नाकावर बसवली होती. तेव्हा ती गार लागली होती, एवढंच आठवतं. कमळाच्या कानामागे केस किती आहेत, पिकलेत का, हे मात्र त्याला काही केल्या आठवेना.

रविवारी आत्माराम आतल्या खोलीचा पडदा सारून बाहेर आला तो महिपतकडे न बघता थेट तिच्याकडेच बघत राहिला. "कमळ? भिकाजी तांडेलाची कमळ ना गो तू?" आणि अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मोठ्यानं एक हाक न मारलेली त्याची बायको दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अरे आतू! तू रे? तू तर मुंबईला होतास ना!" अरे. महिपतला ते कानात खडा गेल्यासारखं झालं. त्याला ती अहो म्हणायची, त्याच्या भावांना अहो, दूधवाल्या धोंडूलासुद्धा अहो. तिच्या तोंडात अरे आहे हेच त्याला माहीत नव्हतं. ते कुठे ठेवलं होतं इतकी वर्षं? आणि आत्माराम तिला कमळ म्हणाला होता, शेवटचा काना गाळून, खिशातल्या सुट्ट्या नाण्याशी चाळा करावा तसा. महिपत तिला काय म्हणायचा? 'ऐकलंस काय.' ह्यात तिचं असं काही नव्हतं. 'ऐकलंस काय' तो कोणालाही म्हणू शकला असता. त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की तिनं जांभळी साडी नेसली आहे आणि अबोली माळली आहे. ती दर रविवारी अबोली माळते का? तो डोक्यातली पानं उलटत राहिला. घरपट्टी, विजेचं बिल, गॅसचा नंबर कधी लावला, मुलीच्या बाळंतपणाला तुपाचे किती डबे गेले, सगळं तारखेसकट होतं. अबोलीची नोंद कुठेच नव्हती.

आधी महिपतला तपासलं. नऊ मिनिटं. मग तिला. एक्केचाळीस. दुकानात भिंतीवर घड्याळ होतं आणि बाकावरून ते स्पष्ट दिसत होतं, लांबचं त्याला चांगलं दिसे. पडदा जाड होता, पण वरून बोटभर उघडा. आतून आत्मारामाचा आवाज येत होता, "हे बरं दिसतं, की आधीचं?" आणि ती म्हणत होती, "आधीचं." परत काच टाकल्याचा टक आवाज. "आणि आता?" "नाय रे. आधीचंच." हे सगळ्यांनाच विचारतात, आत्ताच त्यालाही विचारलं होतं, त्यानंही दोनदा आधीचं म्हटलं होतं, हे महिपतला पुरतं ठाऊक होतं. आपण काही खुळे नाही. पण ठाऊक असून उपयोग होईना. नंतर ती हसली. एकदा हसली, आणि जरा वेळानं परत, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आत्मारामही हसला. मग सात मिनिटं काहीच नाही. ना काचेचा टक, ना आवाज. ती सात मिनिटं महिपतनं सेकंदकाट्यासकट मोजली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "औषध घातलंन डोळ्यात," ती म्हणाली. त्यानं विचारलं नव्हतं.

मग बिल. नेत्रतपासणी, ऐंशी. एकाची.

"हे काय?"

"तपासणीचे, भावोजी."

"मोफत ना?"

"चष्मा घेतलात की मोफत. खाली लिहिलंय."

"खालचं कोणाला दिसतंय?"

"ज्याला दिसेल तो माझ्याकडे कशाला येईल?" आत्माराम स्वतःच्याच विनोदावर हसला, पाठ झालेला विनोद होता. "सगळी राम आळी नंबर माझ्याकडे काढते नि काचा कोल्हापूरला करते. मीपण चार घास खायचे ना, भावोजी?"

कोल्हापूर ऐकून महिपतचं तोंड जरा खाली गेलं. पण तो पाणीपट्टीतला माणूस, दोन बिलं पुढ्यात असली की दोन्ही बघणार. "आणि हिचे?"

"तिचे नकोत."

"हिनं पण चष्मा घेतलेला नाय."

"तिचे नकोत म्हटलं ना." एवढं बोलून त्यानं तिच्याकडे बघितलं आणि ती लादीकडे बघत राहिली. महिपतनं शंभराची नोट दिली, वीस परत घेतले, दोनदा मोजले. विसाची एकच नोट होती.

येताना तो विचारत होता आणि ती तुटक बोलत होती. "कोण हा आतू?" "गावातला." "गावात लोक पुष्कळ असतात." "बुरोंडीत? मोजले नायत मी." आणि गटारावरच्या फळीशी तिनं त्याचा दंड धरला. लग्नात अंतरपाट दूर झाल्यापासून भररस्त्यात तिनं त्याला हात लावलेला नव्हता. दुसरा कोणी असता तर सुखावला असता. महिपतनं तो हात लगेच योग्य खात्यावर टाकला: मन खातंय, म्हणून दंड धरतेय. पुढचे तीन दिवस असेच गेले, एकेक नोंद त्याच खात्यावर. सोमवारी तिनं चहा ओतला तो अर्धा बशीत, चौथा भाग टेबलावर, लक्ष दुसरीकडे. मंगळवारी तो दाराच्या डाव्या अंगाला चांगला पाच मिनिटं उभा होता, तिनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग तो खाकरला तशी केवढी दचकली! चोर दचकतो तशी. बुधवारी बांगडे करपले. आणि बुधवारीच संध्याकाळी ती कॅलेंडरसमोर उभी, एका डोळ्यावर तळवा ठेवून. मग तो काढून दुसऱ्यावर. परत पहिल्यावर. लहान मुलीसारखी. काय आठवत असेल, कुठला खेळ? महिपत बुरोंडीला लग्नात गेला होता आणि त्यानंतर जेमतेम सहा वेळा. त्याला आठवत होता तो फक्त मासळी वाळत घातल्याचा वास आणि सासऱ्याचं ओसरीवर बसून जाळं विणणं. आता त्या वाळूत एक गुबगुबीत बोटांचा पोरगा हिंडू लागला. तो कमळच्या मागून धावायचा, तिचे डोळे झाकायचा, कोण सांग म्हणायचा, आणि ती न वळता सांगायची. महिपतनं कधी न बघितलेल्या त्या वाळूतली एकेक वस्तू त्याला दिसायला लागली, उपडी होडी, तिच्या सावलीत बसलेलं कुत्रं, भरतीची रेघ. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला दुसऱ्याच्या आठवणी यायला लागाव्यात ह्याला काय म्हणायचं? स्वतःची म्हणून त्याच्याकडे एकच होती. मुलगी बघायला गेलेला असताना त्यानं विचारलं होतं, "शिवण येतं काय?" आणि तिनं मान वर करून सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं होतं, एकदाच. पुढे तसं कितीदा बघितलं असेल? पाच? सहा धरू.

"बोला भावोजी." मिरकरवाड्याचा गडी अजून आरशापुढेच होता, पण आत्माराम मोकळा झाला होता. त्यानं अर्जाकडे नजर टाकली, वरची खाडाखोड त्याला उलटी वाचता आली की नाही कोण जाणे. "ऐंशी परत हवेत ना? त्याला अर्ज कशाला? घरचंच दुकान." आणि त्यानं पन्नासाची एक, विसाची एक, दहाची एक अशा नोटा काउंटरवर ठेवल्या. भांडण न करता.

दिशाभूल, ग्राहक मंच, सात दिवस, सगळं एकदम रजेवर गेलं. त्यानं नोटा परत सरकवल्या, आणि खिशातून दुसऱ्या ऐंशी काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या. "मला परत नकोत. हे तिचे घ्या."

"कसले?"

"तपासणीचे. मयेकरांच्या बाईमाणसाला कोणाचं फुकट नको."

गॉगलवाला गडी वळला. "आयला, पैसे द्यायला भांडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय! काका, माझे पण द्या की."

"भावोजी, राहू दे. मी नाही घेणार तिचे."

"का? का नाय घेणार?"

"नाही घेत, एवढं समजा."

"पावती होयी मला. नाव, तारीख, नंबर लिहून. आमच्यात नळाला थेंब नाय आला तरी पावती फाडतात."

"तिचा नंबर नाही."

"नंबर नाय? मग एक्केचाळीस मिनिटं आत काय करत होतात?"

हे जरा मोठ्यानं झालं. गड्यानं गॉगल काढून काचेवर ठेवला आणि काही न घेताच पायरी उतरून गेला. महिपतला एकीकडे आपल्या तोंडून काय गेलं त्याची शरम वाटत होती आणि दुसरीकडे, इतक्या दिवसांनी दात उपटल्यासारखं, बरं वाटत होतं.

"मी तिला शब्द दिलाय, भावोजी," आत्माराम हळूच म्हणाला.

ह्यापेक्षा वाईट वाक्य त्याला शोधून सापडलं नसतं. महिपतनं काउंटरची कड धरली. "कसला शब्द? माझ्या बायकोला तुम्ही शब्द देणारे कोण? पावती फाडा. फाडा पावती, नायतर इथून हलत नाय मी."

आत्मारामानं पावतीपुस्तक ओढलं, कार्बन घातला आणि लिहायला लागला, एकेक अक्षर सुटं, मोठं, जणू म्हाताऱ्या गिऱ्हाइकासाठी. तिचे ऐंशी रुपये उचलून गल्ल्यात टाकले. पावती महिपतकडे सरकवली. महिपतनं ती हात लांब करून वाचली. 'सौ. कमळा महिपत मयेकर. उजवा डोळा: अधिक दीड.' ठीक. 'डावा डोळा: नंबर लागत नाही. दोन फुटांवर बोटं मोजता येत नाहीत.' त्यानं दुसऱ्यांदा वाचली. 'मिरजेला डोळ्यांच्या इस्पितळात ताबडतोब दाखवणे.'

"काचबिंदू असावा. मी काही डॉक्टर नव्हे," आत्माराम म्हणत होता. "डावा गेल्यातच जमा आहे. उजवा अजून हातात आहे, पण वेळ नका लावू. दादरला मी ज्या शेठकडे शिकलो ना, त्याची रीत होती. काच लावून ज्याला फरक पडतो त्याचे पैसे घ्यायचे. ज्याच्या एका जरी डोळ्याला कुठलीच काच लागू पडत नाही त्याचा पैसा गल्ल्यात टाकायचा नाही. तीस वर्षांत आज पहिल्यांदा टाकला."

"कधीपासून?" महिपतनं विचारलं.

"मी विचारलं, कधीपासून गो? म्हणाली, दोन गणपती झाले."

दोन गणपती. त्या दोन्ही चतुर्थींना एकवीस-एकवीस मोदक झाले होते आणि पहिल्या वर्षी महिपत पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाला होता की यंदा कळ्या वाकड्या पडल्यात, हात बिघडला वाटतं हिचा. ती नुसती वाढत राहिली होती. बशीतला चहा, दाराचं डावं अंग, करपलेले बांगडे, तळव्याखालचा डोळा, फळीवरचा हात. खात्यावरच्या सगळ्या नोंदी एकेक करून उठल्या आणि दुसऱ्या पानावर जाऊन बसल्या. सगळ्या जुळत होत्या. एकही आकडा सुटत नव्हता. आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून त्याचं आयुष्य बोलतं, तो थोडाच बोलतो? महिपत म्हणाला, "मिरजेला किती लागतील?"

आत्मारामानं पावतीपुस्तक मिटलं. "ह्याच्याचसाठी तर सांगू नको म्हणाली," तो म्हणाला. "पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनचे अकरा हजार चारशे अजून ऐकत्येय म्हणाली."

त्या दुपारी पाणीपट्टी खात्यात महिपतनं तीन ग्राहकांना चुकीची शिल्लक सांगितली. सुटल्यावर तो नेहमीच्या वाटेनं न येता मांडवीकडून वळसा घेऊन आला. त्याला दुःख झालेलं होतं, नाही असं नाही. पण दुःखाच्या खाली दुसरंच काही जळत होतं आणि ते विझत नव्हतं, उलट ह्या नव्या तेलावर जास्तच पेटलं होतं. वाळूतला पोरगा निघून गेला होता, उपडी होडी, कुत्रं, सगळं गेलं. त्या जागी एक काळोखी खोली होती, आणि तिच्यात त्याच्या बायकोनं दोन वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एका चष्मेवाल्याच्या ओंजळीत ओतली होती. डोळे झाकले असते तर परवडलं असतं. प्रेम असतं तर त्यानं भांडण केलं असतं, दोन थोबाडीत दिल्या असत्या किंवा खाल्ल्या असत्या. ह्याचं काय करायचं?

घरी ती मागच्या पडवीत सुपात तांदूळ घेऊन बसली होती. दिवेलागण व्हायची होती. ती खडे बोटांनी चाचपून काढत होती. आता दिसलं ते त्याला. तो तिच्या डाव्या बाजूला बसला. मग उठून उजवीकडे जाऊन बसला. तिनं हात थांबवला.

"सोमवारी मिरजेला जायचं," तो म्हणाला.

ती सुपाकडेच बघत राहिली. "आतूनं सांगितलंन?"

"पावती दिलीन."

"शब्द दिला होतान मला."

"मी काढून घेतला. भांडून." आणि जे मांडवीपासून गिळत आला होता ते त्यानं बाहेर टाकलं. "दोन वर्षं मी इथे हाय. ह्याच घरात. आणि सांगितलंस ते त्याला. पाऊण तासात."

"त्यानं विचारलंन."

"विचारणं त्याचा धंदाच हाय!"

"हो," ती म्हणाली. आणि तांदळातून हात फिरवत, "पण विचारलंन."

शेजारच्या घरात कुणीतरी देवापुढे घंटा वाजवली. महिपतला अजूनही एक विचारायचं होतं आणि आत्ता, ह्या घडीला, ते विचारू नये हे त्याला कळत होतं. "हसलीस कशाला आत?"

"कधी?"

"दोनदा."

तिनं त्याच्याकडे वळून बघितलं, सबंध मान फिरवून, उजव्या डोळ्यात तो मावेल अशी. "माझा उजवा डोळा झाकून बोटं दाखवत होता. किती बोटं म्हणे. मला ठार काय दिसत नव्हतं. मी ठोकून दिलं, चार. तर म्हणतो, अगो, मी हात वरच केला नाय अजून." तिचं तोंड परत तसंच हसायला झालं आणि मध्येच राहिलं. "परत विचारलंन. परत चार म्हटलं. मग दोघांना पण हसू आलं. मग रडले."

"मला सांगितलं असतंस तर..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य सापडेना. सांगितलं असतं तर तो हसला नसता, हे खरं. रडलाही नसता. रिक्षाचे किती, गाडीचे किती, तिथे खोलीचे किती, ते त्यानं जागच्या जागी सांगितलं असतं, आणि बरोबर सांगितलं असतं.

ती परत तांदळाला लागली. तो तिथेच बसून राहिला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि सवयीनं बेरीज होऊ लागली. थांबवायची कशी ते त्याला माहीत नव्हतं. आत्मारामानं एक शब्द शेठचा मोडला आणि एक कमळचा, एकाच पावतीवर, आणि नको असलेले ऐंशी गल्ल्यात घेतले. कमळानं डावा डोळा दिला, दोन वर्षं दिली, आणि अरे म्हणता येईल असा गावातला एकुलता एक माणूस दिला, कारण त्या दुकानाची पायरी आता ती काही चढायची नाही. महिपतनं त्याचे ऐंशी आणि तिचे ऐंशी, मिळून एकशे साठ रुपये दिले. तिघांत सगळ्यात स्वस्तात तोच सुटला होता, आणि पावती तेवढी त्याच्याच एकट्याच्या खिशात होती.